उणे एकशे त्र्याऐंशी

लग्नाच्या मांडवात बाकीचे लोक नवरी बघतात, पंगत बघतात, कुणाच्या अंगावर किती सोनं आहे ते बघतात. आमचे मल्लूआप्पा नवरदेवाच्या गाडीमागं जाऊन उकिडवे बसतात. मग ड्रायव्हरला हाक मारतात, "मार की रं जरा स्टार्टर!" गाडी सुरू झाली की सायलेन्सरजवळ नाक नेतात, डोळे मिटतात आणि अत्तर हुंगावं तसा धूर हुंगतात.

दोन वर्षांपूर्वी एका लग्नात वरपित्यानं आमच्या साऱ्या उमरग्याला सांगून ठेवलं होतं की, मुलासाठी नवीकोरी गाडी घेतली आहे. आप्पांनी धूर हुंगला, उठले, पायजमा झटकला आणि व्याही मंडळींच्या देखत निकाल दिला, "निळा धूर हाय. रिंगा गेल्यात. लाख-दीड लाख किलोमीटर पळाल्याली गाडी हाय ही, रंग तेवढा नवा मारलाय." अक्षता पडायच्या आधीच मांडवात जुंपली. पुढं आप्पांचं म्हणणं खरं निघालं, आणि म्हणूनच त्या घरानं त्यांना पुन्हा कुठल्या कार्याला बोलावलं नाही.

"गाडी अन् माणूस मागून बघावं, सर," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "पुढून समदेच हार घालून हुबे असतेत."

आप्पांनी अडतीस वर्षं एस.टी. डेपोत काढली, निवृत्त झाले ते हेड मेकॅनिक म्हणून. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, आणि बोटांच्या पेरांत निवृत्तीनंतरही न गेलेलं काळं ऑइल. बोलणं मराठीत, वैताग कानडीत. मी त्यांचा शेजारी, भिंतीला भिंत. पस्तीस वर्षं हायस्कूलला विज्ञान शिकवलं, म्हणजे पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवलं. आमच्या दोघांच्या घरांमागून सोलापूर-हैदराबाद रस्ता जातो. दिवसभर ट्रक जातात आणि दोरीवरचे पांढरे कपडे वाळेपर्यंत करडे होतात. अशा ठिकाणी धुराची पारख असलेला माणूस असणं साहजिक होतं. पण ह्या माणसाला म्हातारपणी हायड्रोजनचा नाद लागला, आणि तो लावला त्यांच्या मुलीनं.

उमा ही त्यांची एकुलती एक. माझी विद्यार्थिनी. चूक कानावर पडली की ह्या पोरीला राहवायचंच नाही. आप्पांनी ओसरीवर कुणाला काही चुकीचं सांगितलं तर ही आतल्या खोलीतून अभ्यास टाकून पळत यायची दुरुस्त करायला. आठवीत असताना भर वर्गात उभी राहून म्हणाली होती, "सर, चुकलं." मी तिला तासभर वर्गाबाहेर उभं केलं. घरी येऊन पुस्तक बघितलं तर चूक माझीच होती. ते मी तिला कधी सांगितलं नाही. विज्ञानाचा मास्तर असलो तरी मास्तरच.

पुढं ती शिकली आणि जर्मनीत एका कंपनीत लागली. हायड्रोजनवर उडणारं विमान करायचं काम, त्यात हिच्याकडं इंधनाची टाकी. जाताना आप्पांना म्हणाली, "आप्पा, तुम्ही जन्मभर धूर खाल्लाव. मी असं विमान करते, ज्याच्या मागून नुसतं पाणी येईल."

आप्पा गंभीर झाले. "मागून पाणी? म्हणजे हेड गॅस्केट गेलंय, इंजनात पाणी शिरलंय म्हण की."

तिनं मग ओसरीवर खडूनं चित्रं काढून सबंध दुपारभर समजावलं. हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी जुळतो, ताकद मिळते आणि उरतं ते पाणी. धूर नाही, काजळी नाही. आप्पांनी ती चित्रं आठवडाभर पुसू दिली नाहीत.

तेव्हापासून गावाला सुख राहिलं नाही. न्हाव्याकडं दाढीला बसलेला माणूस अर्ध्या फेसात हायड्रोजन ऐकू लागला. चहाच्या टपरीवर आप्पा किटलीच्या वाफेकडं बोट दाखवून म्हणायचे, "ही बगा, अशी वाफ. विमानाच्या बुडातून. बिलकुल हीच." गावानं त्यांचं नाव 'हायड्रोजन आप्पा' ठेवलं. मी पुढाकार घेतला नव्हता, पण हसायला मी होतो.

त्यांचा खरा वैरी म्हणजे मेहुणा बसवराज. ढोकीकडं त्याचा ऊस, त्यामुळं तो इथेनॉलच्या पक्षाचा. "दाजी, उसातनं इथेनॉल निघायलंय, गाड्या पळायल्यात. तुमचं हायड्रोजन कोण्या रानात पिकतंय?"

"पाण्यात पिकतंय."

"यप्पा! हितं प्यायाला पाणी न्हाय, अन् तुमी जाळाया निघालाव?"

"जाळलं तर पुन्हा पाणीच होतंय की रं. तुज्या उसानं पिलेलं पाणी कवा परत आलंय का?"

बसवराज ह्यावर दारूकामाच्या ठिणगीसारखा फुरफुरत निघून जायचा आणि आठवड्यानं पुन्हा तोच प्रश्न घेऊन यायचा.

आप्पांचा आठवडा ठरलेला होता. गुरुवारी सकाळी डेपोतली जुनी वही घेऊन ते माझ्याकडं यायचे आणि एक प्रश्न विचारायचे. हायड्रोजन हलका म्हणजे किती हलका, टाकी विमानात कुठं बसवतात, गळती झाली तर कळणार कशी. मी सांगायचो, ते लिहून घ्यायचे. "उमीसंगट बोलाया काहीतरी पायजे की, सर. नुसतं जेवलीस का म्हणून किती दिवस इचारावं?" रविवारी चार वाजता उमाचा फोन. सोमवारी मला अहवाल. "उमी म्हणली, हायड्रोजन सगळ्यात हलका. उमी म्हणली, गळला तर सरळ वर जातंय."

आता आप्पांना मागून बघायचं तर तीन वर्षांपूर्वीचा एप्रिल सांगावा लागेल. मला तो सांगायचा नाही, पण ह्यापुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे.

नीलव्वाकाकू, आप्पांच्या पत्नी, सकाळी देवघरासमोर बसल्या जागी गेल्या. उमाचा फोन आला, "मी निघालेय. माझ्यासाठी थांबा." विमान हैदराबादला उतरणार, तिथून गाडीनं ती दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला पोचणार. घरात पाहुणे जमले होते, ऊन रणरणत होतं. आप्पांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "सर, तुमी सायन्सचे. बर्फाची पेटी आणली तर ऱ्हाईल का उद्यापतूर?"

देह राहिला असता. पेटी गावात मिळत होती, हे मला माहीत होतं. पण सकाळपासून बसून माझी कंबर धरली होती, लोक कंटाळले होते, आणि मला घरी जायचं होतं. मी म्हणालो, "आप्पा, उगाच देहाची हेळसांड कशाला?" बसवराजनं लगेच री ओढली, "सर म्हणायलेत तेच खरं. माती थांबत नसती." संध्याकाळी काकूंना समाधी दिली.

सकाळी नऊला उमा आली. खांद्यावरची पिशवीसुद्धा न उतरवता ओल्या मातीसमोर उभी राहिली. रडली नाही. एवढंच विचारलं, "कुणी ठरवलं?"

बसवराजनं आपल्या चपलांकडं बघितलं. मी लिंबाच्या झाडाकडं बघितलं. आप्पा म्हणाले, "म्या."

तिसऱ्या दिवशी ती परत गेली. महिन्याभरानं आप्पांनी गल्लीत सांगितलं की, रविवारी चार वाजता उमीचा फोन येऊ लागला आहे. आम्हा सगळ्यांना बरं वाटलं. मला तर फारच बरं वाटलं, कारण माझ्या मानेवरचं ओझं फुकटात उतरलं होतं. पुढं गुरुवारची वही सुरू झाली तेव्हा मी प्रश्नांची उत्तरं मोठ्या उत्साहानं देऊ लागलो. शेजारधर्म म्हणतात तो हाच, अशी माझी समजूत होती.

गेल्या कार्तिकातल्या एका गुरुवारी आप्पांनी विचारलं, "सर, हायड्रोजन पातळ कराया किती थंड करावं लागतंय?"

मी भुईमुगाच्या शेंगा फोडत पेपर वाचत होतो. "उणे एकशे त्र्याऐंशी," मी वर न बघताच सांगितलं. आप्पांनी लिहून घेतलं.

सोमवारी आले. "उमी म्हणली, उणे एकशे त्र्याऐंशी. असली थंडी की टाकीला दोन भिंती लागत्यात, थर्मासवाणी."

ते गेल्यावर तो आकडा मला खटकू लागला. माळ्यावरून जुनं पुस्तक काढलं. उणे एकशे त्र्याऐंशीला पातळ होतो तो ऑक्सिजन. हायड्रोजनला उणे दोनशे त्रेपन्न लागतं. सत्तर अंशांची चूक, पस्तीस वर्षं शिकवून. पण लाज वाटायच्या आधी दुसरंच काहीतरी लक्षात आलं. ती टाकी बनवणं हेच जिचं काम, वर्गात उभं राहून जी मास्तरला चुकलं म्हणते, ती उमा हा आकडा सांगेल? शक्यच नाही. तो आकडा त्या गुरुवारी ह्या जगात एकाच माणसानं आप्पांना सांगितला होता.

मग मागचे सगळे सोमवार आठवू लागले. सगळ्यात हलका. सरळ वर जातो. ती माझीच वाक्यं होती. गुरुवारी माझ्याकडून न्यायची आणि सोमवारी उमाच्या नावानं मलाच आणून द्यायची. रविवारी चार वाजता फोन येतच नव्हता. कधी आला होता की नाही, देव जाणे. मी काय केलं? जे नेहमी करतो तेच. गप्प बसलो.

ह्या फेब्रुवारीत गावात हायड्रोजनची बस आली. म्हणजे मुक्कामाला नाही. कुठल्याशा कंपनीची नमुन्याची बस सोलापूरहून हैदराबादला निघाली होती, ती अर्धा तास बायपासच्या पंपावर थांबणार होती. आप्पा त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून, हातात स्टीलचा पेला घेऊन, दोन तास आधी जाऊन बसले.

बस आली. पुढून तिला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. एक पुढारी माईकवरून 'शून्य धूर, शून्य प्रदूषण' म्हणून ओरडत होते, आणि त्या माईकला वीज द्यायला शेजारी डिझेलचा जनरेटर काळाभोर धूर ओकत होता. आप्पा जाता जाता त्याला हुंगून म्हणाले, "नोझल गेलंय," आणि बसच्या मागं जाऊन उकिडवे बसले.

त्यांनी नाक लावलं. पुन्हा लावलं. मग माझ्याकडं बघितलं. "सर, कसलाच वास न्हाय." अडतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या नाकाला काही सापडलं नव्हतं, आणि चेहरा असा खुलला होता की मला तिकडं बघवेना. नळीतून एक थेंब पडला. मग दुसरा. आप्पांनी पेला धरला.

आमच्या गावात कुणी वाकून थेंब धरताना दिसलं की मागचा माणूस ओंजळ पुढं करतो, विचारत नाही. एका आजीबाईंनी ओंजळ केली, डोळ्यांना पाणी लावलं आणि उरलेलं डोक्यावरून फिरवलं. पाच मिनिटांत बसच्या बुडाशी रांग लागली. बसवराजही रांगेत होता. इथेनॉलवाला असला म्हणून काय झालं, तीर्थ कोण सोडतो?

टोपी घातलेली एक तरुण इंजिनियर मुलगी धावत आली. "आजी, काका, पिऊ नका! तीर्थ नाहीये ते!"

"पेत न्हाव, बाई," आप्पा उठून म्हणाले. "म्या धरून ठेवायलोय. माजी लेक ह्याच लायनीत हाय. जर्मनीला. विमानाचं करती." त्यांनी मोठ्या अभिमानानं कंपनीचं नाव सांगितलं.

मुलीला आनंद झाला, मग ती गोंधळली. वाईट हेतू काहीच नव्हता तिचा. "पण काका, त्यांनी तर विमानाचं काम थांबवलं ना? वर्ष झालं असेल. बरीच माणसं कमी केली. तुम्हाला बोलल्या नाहीत त्या?"

ओंजळीतलं तीर्थ सांभाळत बसवराज हसला. "मग दाजी, रविवारी कोण बोलतंय तुमच्यासंगट?" आणि रांगही हसली. माझ्या गावाला मी ओळखतो. पडलेल्या माणसाला उठवायच्या आधी ते एकदा हसून घेतं.

आप्पा पेल्यात बघत राहिले. मग म्हणाले, "परकल्प बंद पडला आसंल. पोरगी बंद पडली न्हाय." आणि चालू लागले. पेला दोन्ही हातांत धरून, एकही थेंब हिंदकळू न देता, ट्रकांच्या कडेकडेनं घरापर्यंत गेले. मी त्यांच्या मागून चालत होतो. त्यांची पाठ मला सबंध वाट दिसत होती.

घरी आल्यावर मी उमाला ई-मेल लिहिला. तिचा पत्ता शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या यादीत होता, म्हणजे गेली तीन वर्षं माझ्याकडं होताच. लिहिलं की त्या दिवशी ठरवलं ते मी. पेटी गावात मिळत होती. तुझ्या वडिलांना थांबायचं होतं, त्यांनी मला विचारलं आणि मी नको म्हणालो, कारण माझी कंबर दुखत होती. त्यांनी तुझ्यासमोर आमची नावं घेतली नाहीत. वहीचंही लिहिलं, आणि माझा चुकीचा आकडा ते तुझ्या नावावर सांगतात हेही. आठवीतल्या त्या तासाबद्दलही शेवटी माफी मागितली. एवढं खरं मी आयुष्यात एका बैठकीत कधी लिहिलं नव्हतं.

आठ दिवस काही आलं नाही. गुरुवार गेला, आप्पाही आले नाहीत. नवव्या दिवशी एक ओळ आली.

'सर, चुकलं. उणे दोनशे त्रेपन्न. आप्पांची वही दुरुस्त करा. उमा.'

ना माफी, ना राग, ना कुणाची खुशाली. मी फोन घेऊन तसाच शेजारी गेलो. आप्पा शेगडीसमोर बसून एकट्यापुरतं पिठलं ढवळत होते. भिंतीवर नीलव्वाकाकूंचा फोटो, फोटोखालच्या फळीवर तो पेला. पाणी केव्हाच उडून गेलं होतं, आणि तळाला डागसुद्धा राहिला नव्हता.

मी सगळं सांगितलं. माझ्या पत्राचं, मी त्यात काय लिहिलं त्याचं, आणि उत्तराचं. आप्पांनी शेगडी बंद केली, चष्मा लावला आणि वही आणली. नेमकं ते पान एका फटक्यात उघडलं. माझ्या उणे एकशे त्र्याऐंशीच्या शेजारी पेन्सिलीनं, अगदी बारीक, लिहिलेलं होतं : २५३.

"तुम्हाला माहीत होतं?"

"दुसऱ्याच दिशी. वाचनालयात बगितलं की."

"मग मला तेच चुकीचं का येऊन सांगितलंत?"

आप्पांनी वहीची कड सरळ केली. "तुमाला न्हाय, सर. तिला. दर रविवारी चार वाजता म्या तिला मेसेज टाकतो. गुरुवारी तुमी सांगिताव ते. निळ्या खुणा येत्यात, म्हणजे वाचती. उत्तर न्हाय. मग म्हणलं, तुमची चूकच टाकून बगावं. न्हानपणी चूक ऐकली की आतल्या खोलीतून पळत यायची. म्हणलं, चूक बगून गप बसंल का ती?" त्यांनी चष्मा काढून पुन्हा लावला. "बसली की. तीन महिने बसली."

मी हातातला फोन उलटासुलटा केला, तसं आप्पांचं लक्ष तिकडं गेलं.

"तुमाला पाठवलं व्हय उत्तर? तुमच्या फोनवर?"

"हो."

"मला न्हाय."

"नाही, आप्पा."

"दावा बरं." त्यांनी माझा फोन हातात घेतला. ओळ दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचताना त्यांचं काळ्या पेराचं बोट 'आप्पांची' ह्या शब्दाशी थांबलं आणि तिथंच राहिलं. तेवढ्यात फोनचा उजेड मावळला, तर त्यांनी घाईनं काचेवर बोट फिरवलं.

मग खिशातलं पेन काढून माझ्यापुढं केलं आणि वही सरकवली.

"खोडा, सर. तुमची चूक हाय. तुमीच खोडा."

मी खोडलं. रेघ वाकडी आली. वर उणे दोनशे त्रेपन्न लिहिलं. आप्पांनी वही आपल्याकडं ओढून घेतली, आकडा नीट आहे ना ते बघितलं, आणि त्याच्याखाली डेपोतल्या त्या ठसठशीत अक्षरात लिहिलं : 'उमी म्हणली.'